चौथ्या ठाणाचे मुसके

तिचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चारला जाग यायची, पण वरची दहा मिनिटे ती पाठ अंथरुणाला टेकवून पडून राहायची. आयुष्यात तिने स्वतःचा एवढाच लाड केला. मग चहा, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवणे, ठिगळ लावलेले रबरी बूट पायात, आणि पाच वाजता तबेल्याच्या फाटकात. सत्तावीस वर्षांत तिला फाटकात पाच वाजून पाच झालेले कुणी पाहिले नाही.

तबेला एका पशुवैद्यक संस्थेचा होता. तिथे घोडे शर्यतीसाठी नव्हते, बग्गीसाठी नव्हते, तपासणीसाठी होते. ओळीने घोडे बांधायची चार ठाणे, मागे गवताची खोली, बाजूला खुराकाची कोठी. तीन ठाणांत तीन उंच घोडे. चौथ्यात एक बुटकी, गोल पोटाची करडी घोडी. तिला सगळे बुटकीच म्हणत. ती पाहिजे तेव्हा बहिरी व्हायची, पण बादलीचा आवाज दोन भिंतींपलीकडून ऐकायची.

तिला स्वतःला सगळे तराजूबाई म्हणत. कारण सरळ होते. ती प्रत्येक गोष्ट तोलायची. गवत तोलून टाकायची आणि उरलेले तोलून उचलायची. बादली भरताना तोलायची, चाटून झाल्यावर पुन्हा तोलायची. आधी ती बांधकामावर विटा वाहायची. तिथे वीट कमी वाहिली तर लगेच दिसते. तबेल्यात कामचुकारपणा लवकर दिसत नाही, दिसतो तेव्हा जनावर पडलेले असते. म्हणून काटा, असे तिचे म्हणणे.

त्या वर्षी डॉक्टरांचे तेलाचे काम चालू होते. डॉक्टर तिच्या धाकट्या भावाच्या वयाचे. अभ्यासू, घाईतले, शर्टाच्या खिशात नेहमी तीन पेनं आणि त्यातले एक गळके. घोड्यांना खुराकातून तेल द्यायचे, काही आठवडे सोयाबीनचे, मग मक्याचे, मग जवसाचे, आणि दर चार आठवड्यांनी रक्त काढून त्यातली चरबी मोजायची. तेल एकदम द्यायचे नाही, नाहीतर लीद पातळ होते. पहिल्या दिवशी चमचे, दोन आठवड्यांनी पूर्ण माप. उंच घोड्याला अर्धा लिटर, बुटकीला तिच्या वजनाप्रमाणे त्याहून बरेच कमी.

तेल बादलीच्या कडांना चिकटते. दुसरा कुणी असता तर त्याने तेल ओतले, कोंडा ढवळला आणि हात झटकले असते. ही मूठभर कोरडा कोंडा शेवटी बाजूला ठेवायची, त्याने बादलीची आतली कड पुसून काढायची आणि तो कोंडा वर पसरायची. घोड्याने बादली चाटून चकचकीत केली की काट्यावर ठेवायची. वजन रिकाम्या बादलीएवढे भरले की मगच पुढचे ठाण.

डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते की माणसाचे गणित घोड्याला लावू नका. घोड्याला तेल सोसेल इतके, हळूहळू दिले की त्याचे अंग ते तेल जाळायला शिकते. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उलट उतरते. कोलेस्टेरॉल मात्र थोडे चढते, आणि घोड्याचे त्याने काही बिघडत नाही.

हे तिने घरी सांगितले आणि पस्तावली. सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांनी तेल बंद केले होते. वर्षभर घरात उकडलेल्या भाज्या. एका बाटलीत तीन महिने जात. सासूबाई ताटाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे घोडी तेल पिते तर तिची चरबी उतरते, आणि मी वास घेतला तरी माझी चढते. पुढच्या जन्मी मला त्या चौथ्या खोलीत बांध." त्यानंतर रोज संध्याकाळी सुनेला पहिला प्रश्न हाच, की बुटकी काय जेवली. आणि उत्तर ऐकून मोठा सुस्कारा.

रक्त काढायचा नियम असा की घोडा उपाशी हवा. आदल्या संध्याकाळी आठला रखवालदार गवत उचलून न्यायचा, सकाळी सहाला रक्त, बादली त्यानंतरच. पण तेल सुरू करण्याआधी एकदा रक्त काढले, तेव्हाच डॉक्टरांनी बुटकीच्या तोंडात पेंढा बघितला. ती ठाणात अंथरलेला पेंढा खात होती. तेव्हा हुकूम निघाला, की आदल्या दिवशी या घोडीला मुसके बांधायचे. जाळीचे मुसके, पाणी पिता येते, खाता येत नाही. तराजूबाईची सुटी पाचला व्हायची, म्हणून मुसके पाचला बांधले जायचे. कागदावर कुणी हा विचार केला नव्हता. मुसके बांधायचे म्हणजे ते बांधणारी असेल तेव्हाच बांधायचे, झाले.

सकाळी सहाचे रक्तही सहाला निघायचे नाही. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या डॉक्टर आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे, ठाणाचा आकडा, तारीख, वेळ सहा. मग सकाळी त्यांचा वर्ग असायचा, मग कुणीतरी वाटेत गाठायचे, आणि ते साडेदहाला तबेल्यात पोचायचे. चिठ्ठीवर सहाच. तराजूबाई नळ्यांचा खोका धरून मूग गिळून उभी राहायची. मोठ्यांच्या वेळेवर बोलायचे नाही असे तिला लहानपणी शिकवले होते.

तेल सुरू झाल्यावर रक्ताच्या दोन खेपा झाल्या. आठ आठवडे. मग एका दुपारी तिला डॉक्टरांच्या खोलीत बोलावले. कोठीवालाही तिथे होता. कोठीवाला म्हणजे खुराक आणि तेलाचे डबे ज्याच्या ताब्यात असत तो. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण चालणे असे की संस्था त्याच्या काकांची. तो तिला आधीपासून पाण्यात पाहायचा, कारण कोठीतून आलेले पोते ती त्याच्यादेखत काट्यावर ठेवायची.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. तिन्ही उंच घोड्यांची चरबी उतरली होती. बुटकीची दोन्ही खेपांना तिप्पट. नळीतले रक्त खाली बसल्यावर वरचे पाणी पिवळसर आणि स्वच्छ हवे, तिचे दुधाळ होते. डॉक्टर म्हणाले की एकच अर्थ निघतो, तिच्या पोटात तेल जातच नाही.

कोठीवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला की खाण्याचं तेल आहे, घरात कुणालाही उपयोगी पडतं.

  वर्षभर उकडलेल्या भाज्यांचे ताट तिच्या डोळ्यांपुढून गेले, पण ते ती बोलली नाही. घरातले पुरावे घराबाहेर मांडायचे नाहीत, हा तिचा हट्ट.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी एक कागद टाईप करून आणला होता. खुराक देण्यात माझ्याकडून हयगय झाली, पुन्हा होणार नाही. चोरीचा शब्द त्यात नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मावशी, एवढी सही करा. नोकरी राहील, विषय संपेल."

"विषय माझा आहे," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यावरून नाही संपायचा."

"सही नाही केली तर मला वर कळवावं लागेल. मग माझ्या हातात राहणार नाही."

"कळवा. पण हयगय हा शब्द मी माझ्या नावापुढे लिहून घेणार नाही. दारात उभी करू नका, हाकलून द्या, चालेल."

मग तिने स्वतःच अट घातली. चार आठवडे वर कळवायचे नाही. तेल आणि खुराकाला कुलूप, किल्ली कोठीवाल्याकडे. त्याने रोज पहाटे पाचला यायचे, स्वतःच्या हाताने चारही बादल्या भरायच्या, घोड्यांसमोर ठेवायच्या आणि चाटून होईपर्यंत तिथून हलायचे नाही. ती बादलीला बोटही लावणार नाही. चार आठवड्यांनी रक्त काढा. कोठीवाल्याचा चेहरा पाचचे नाव ऐकून उतरला. पण डॉक्टरांना अट पटली.

घरी सासूबाईंनी सगळे ऐकले. चोरीचे ऐकून त्या आधी हसल्या, मग रागावल्या, मग म्हणाल्या की निदान चोरलं असतंस तर मी एक वर्ष चवीनं जेवले असते. नवरा ट्रक घेऊन दूरच्या फेरीवर होता. फोनवर तो म्हणाला की सही करून टाक, कशाला डोक्याला ताप. सासूबाईंनी फोन हातातून घेतला आणि मुलाला सांगितले की तू गाडी चालव, रस्त्याकडे बघ. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून कोठीवाला पाचला येऊ लागला. पहिला आठवडा जांभया देत, दुसरा आठवडा शिंकत. बुटकी सावकाश खाणारी. एक बादली चाटायला तिला चाळीस मिनिटे लागायची, आणि मधेच मान वर करून ती त्याच्याकडे बघत चघळायची. त्याने विचारले की ही नेहमी अशीच खाते का. तराजूबाई म्हणाली की भाऊ, मी सांगून तुम्हाला खरं वाटणार नाही, तुम्हीच बघा. तो कड पुसायला विसरायचा. ती बघायची, दात आवळायची, पण हात लावायची नाही. आठव्या दिवशी तो स्वतःच कोरडा कोंडा बाजूला ठेवू लागला.

या चार आठवड्यांत तिच्या वाट्याला एक गोष्ट आली जी आजवर कधी आली नव्हती. पहाटेचा एक तास रिकामे हात. पहिले काही दिवस तिला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग ती नुसती बघू लागली.

रक्ताच्या आदल्या संध्याकाळी ती पाचला घरी गेली नाही. आपल्या माघारी काही झाले असे कुणी म्हणायला नको. नेहमीसारखे पाचला मुसके बांधले आणि बादली पालथी घालून ठाणांसमोर बसली. आठला रखवालदार आला, तिन्ही उंच घोड्यांपुढचे गवत उचलून गेला.  मग पहिल्या ठाणातल्या घोड्याने मान खाली घातली आणि पायाखालचा पेंढा चघळू लागला. मग दुसऱ्याने. तिसरा तर आधीपासूनच चघळत होता. माणूस आला की मान वर, माणूस गेला की मान खाली. बुटकीला चोरी लपवता येत नव्हती म्हणून ती एकटी पकडली गेली होती. आता ती जाळीतून नाक फुंकत तिघांकडे बघत उभी होती.

तराजूबाईला एक जुनी गोष्ट आठवली. रक्ताच्या दिवशी सकाळी ठाण झाडताना तिन्ही ठाणांत नवा पेंढा जास्त घालावा लागायचा, प्रत्येकी अर्धी पेंडी. चौथ्यात नाही. तिला ते माहीत होते. माहीत असून तिने त्याचा कधी विचार केला नव्हता. हे तिला फार लागले. काटा हातात असून एवढी मोठी गोष्ट तोलायची राहून गेली.

सकाळी डॉक्टर आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तिने बोटांवर मोजले. पाच ते पाच बारा, पाच ते साडेदहा साडेपाच. साडेसतरा तास. तिघे रात्रभर चघळत होते, चौथीच्या पोटात साडेसतरा तास कण नव्हता. त्या दिवशी ती काही बोलली नाही. आधी आकडे येऊ देत.

आकडे आले. कोठीवाल्याच्या हातचे तेल खाऊनही बुटकीचे रक्त दुधाळच. कोठीवाल्याने यावेळी खिडकीबाहेर बघितले नाही. तो स्वतःहून म्हणाला की साहेब, तेल पूर्ण गेलंय, मी तिथेच होतो, घोडीने माझ्या डोळ्यांदेखत बादली चाटलीय. डॉक्टरांनी तराजूबाईला सांगितले की मावशी, तुमच्यावरचा संशय गेला. सहीची गरज नाही. घोडीतच काही दोष आहे, तिला कामातून काढून टाकू, विकून टाकू.

दुसरी बाई असती तर हात जोडून बाहेर पडली असती. तिची सुटका झालीच होती. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"घोडीत दोष नाही. दोष मुसक्यात आहे," ती म्हणाली, "आणि तुमच्या सहामध्ये."

डॉक्टरांना आधी कळलेच नाही. तिने सावकाश सांगितले. पेंढा, तिघांची चोरी, पाचचे मुसके, साडेदहाचे रक्त, आणि आदल्या दिवशी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर आले तेव्हा डॉक्टरांचे कान लाल झाले. ते म्हणाले की चार-पाच तासांनी एवढा फरक पडत नाही.

"तुम्हाला पडत नसेल. तुम्ही नाश्ता करून येता."

खोलीत कुणी हसले नाही. कोठीवाल्याने खोकल्याचे निमित्त केले.

तिने पुन्हा अट घातली. आता तिला सवयच लागली होती. आठवडाभराने पुन्हा रक्त काढायचे. त्या संध्याकाळी चारही ठाणांतला पेंढा पूर्ण काढायचा, खाली रबरी चटया. चौघांनाही आठपर्यंत गवत, चौथीलाही. मुसके कुणालाच नाही. आणि रक्त सहाला. चिठ्ठी जागेवर लिहायची.

चार ठाणांतला पेंढा एका संध्याकाळी उपसणे म्हणजे सव्वीस हातगाड्या. तिने एकटीने उपसल्या. मदत मागितली नाही, कारण मदतीला आलेल्या माणसाने एक मूठ कोपऱ्यात ठेवली तर सगळे फुकट. कोपरे तिने हाताने चाचपले. आठला रखवालदाराबरोबर तिने स्वतः गवत उचलले, चौथ्या ठाणातले शेवटी.

सकाळी साडेपाचला ती तबेल्यातून निघून सरळ डॉक्टरांच्या घराकडे चालू लागली. घर संस्थेच्या आवारातच होते. तिने दार वाजवले. डॉक्टर दाढीला साबण लावून दारात आले. ती म्हणाली की घंटा वाजवणार होते, पण तुमची घंटा पण साडेदहाला वाजेल अशी भीती वाटली. डॉक्टर अर्ध्या दाढीने तबेल्यात आले. सहा वाजता पहिली सुई, सहा वाजून बारा मिनिटांनी चौथी. चिठ्ठीवर त्यांनी सहा बारा लिहिले. तिने वाचून बघितले.

नळ्या उभ्या ठेवल्या. घोड्याचे रक्त लवकर खाली बसते. ती आणि डॉक्टर, दोघेही खोक्यापुढे वाकून उभे होते, एकाच्या गालावर साबण वाळत होता. चौथ्या नळीत वरचे पाणी पिवळे होते. पलीकडचे बोट दिसेल इतके स्वच्छ.

दोन दिवसांनी आकडे आले. बुटकीची चरबी तिघांच्या ओळीत उतरलेली. डॉक्टरांनी तिला बोलावले आणि पहिल्यांदा बसायला सांगितले. त्यांनी समजावले, की जनावर उपाशी राहिले की अंगातली साठलेली चरबी रक्तात सोडते. उंच घोड्यात त्याला वेळ लागतो, बुटक्या गुबगुबीत जातीत ते फार लवकर होते. हे त्यांना पुस्तकातून माहीत होते. फक्त घोडी किती तास उपाशी आहे हे माहीत नव्हते. मग त्यांनी पहिल्या खेपेचा कागद काढला, ज्यावरून तिला चोर ठरवले होते तो, आणि बोट ठेवून एकेक रकाना वाचला. कोलेस्टेरॉलच्या रकान्यात बुटकीचा आकडा तिघांसारखाच चढलेला होता. तेल पोटात जात होते हे त्याच कागदावर लिहिलेले होते. कुणी तो रकाना वाचला नव्हता.

ते म्हणाले की माझे बारा आठवडे वाया गेले. चौथ्या ठाणाचे सगळे आकडे फेकावे लागतील, आणि उरलेल्या तिघांचेही पुन्हा बघावे लागतील.

"माझेही बाराच गेले," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तो टाईप केलेला कागद फाडायला घेतला. तिने हात पुढे करून थांबवला. फाडला तर तो होता हे कुणाला कळणार नाही. त्याच कागदावर खाली, त्यांच्या हाताने, लिहून पाहिजे. डॉक्टरांनी लिहिले की खुराक देण्यात कोणतीही हयगय नव्हती, चूक रक्त काढण्याच्या वेळेत होती. सही केली, तारीख टाकली. तिने वाचले आणि म्हणाली, "वेळ पण घाला."

त्यांनी मनगटाकडे बघून वेळ घातली. त्यांचे घड्याळ सात मिनिटे मागे होते. तेही तिने दुरुस्त करून घेतले.

बुटकी विकली गेली नाही. पेंढ्याऐवजी चटया आल्या, कोठीवाला पुन्हा सातला येऊ लागला. पोती काट्यावर ठेवताना आता तो दुसरे टोक धरायचा. सासूबाईंना त्या कागदाची गोष्ट दहा वेळा सांगावी लागली. प्रत्येक वेळी त्या शेवटी विचारायच्या, की इतके झाले तर घोडीचे तेल वाढवले का.

त्या महिन्याचा पगार तिने आधीच ठरवून ठेवला होता. नवे रबरी बूट. जुन्यांच्या डाव्या टाचेत पाणी शिरायचे आणि बारा आठवडे तिने ते सोसले होते. पगाराच्या दिवशी ती दुकानात गेली, बूट पायात घालून चार पावले चालून बघितली, काढून ठेवले आणि शेजारच्या दुकानात शिरली. तिथून तिने भिंतीवरचे एक घड्याळ घेतले. ताटाएवढे, जाड काळे आकडे, सेकंदाचा काटा लाल. दुकानदाराने विचारले की घरासाठी का. ती म्हणाली की घरात सगळ्यांना वेळ कळते.

घड्याळ तिने चौथ्या ठाणाच्या वर, दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर लावले. खिळा तिने स्वतः ठोकला. डॉक्टर म्हणाले की मावशी, सांगितलं असतं तर संस्थेने दिलं असतं.

"संस्थेचं घड्याळ संस्थेच्या वेळेनं चालतं," ती म्हणाली. "हे माझ्या पगाराचं आहे. हे बरोबर चालेल."

त्यानंतर ती तिथे आणखी नऊ वर्षे होती. डाव्या बुटाला तिने रबराचे दुसरे ठिगळ लावले. ते पुढचे वर्षभर टिकले.